स्वयंसेवक घोडदळाचा इतिहास जपताना : कलकत्ता लाइट हॉर्स

एखाद्या पथकाची सर्वांत मोठी कामगिरीच मुद्दाम गुप्त ठेवली गेली असेल, तर त्याचा इतिहास कसा जपायचा? कोलकात्याच्या ‘कलकत्ता लाइट हॉर्स’ या स्वयंसेवक घोडदळाच्या उदाहरणातून हा प्रश्न समजून घेऊ.

हे पथक १८७२ मध्ये उभे राहिले. शहरातील व्यापारी कंपन्यांत काम करणारे युरोपीय लोक नोकरी सांभाळून त्यात कवायत करीत. १९२० च्या कायद्यानंतर अशी पथके ‘ऑक्झिलरी फोर्स’चा भाग झाली, सर्वसामान्य भारतीयांना तेथे प्रवेश नव्हता. १९४७ मध्ये पथक विसर्जित झाले.

९ मार्च १९४३ च्या रात्री पथकातील काही सभासदांनी गोव्याच्या मुरगाव बंदरात ‘एरेनफेल्स’ या जर्मन जहाजावर छापा घातला. जहाजावरील बिनतारी यंत्रातून जर्मन पाणबुड्यांना माहिती पुरवली जाते, असा ब्रिटिशांना संशय होता. गोवा पोर्तुगालच्या ताब्यात आणि पोर्तुगाल युद्धात तटस्थ, म्हणून नियमित सैन्य पाठवणे अडचणीचे होते. गाळ वाहणाऱ्या ‘फीबी’ या जुन्या बोटीतून हे प्रौढ वयाचे स्वयंसेवक बंदरात शिरले. छाप्यानंतर एरेनफेल्ससह तीन जर्मन आणि एक इटालियन जहाज खलाशांनी स्वतःच बुडवले.

तटस्थतेचा भंग झाल्यामुळे ब्रिटिशांनी मौन पाळले. खलाशांनी आपलीच जहाजे बुडवली, एवढेच लोकांना कळले. ते खोटे नव्हते, पण अपुरे होते. छाप्याची हकिगत १९७८ मध्ये जेम्स लीझर यांच्या ‘बोर्डिंग पार्टी’ या पुस्तकाने मांडली आणि १९८० च्या ‘द सी वुल्व्ज’ या चित्रपटाने सर्वदूर पोहोचवली.

येथे अभ्यासकाने दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. जहाजे बुडाली, ही घटना पक्की आहे. त्या यंत्रामुळे दोस्तराष्ट्रांची किती हानी झाली, हा मात्र दावा आहे. तो पाणबुड्यांच्या नोंदींशी ताडून पाहावा लागतो. केवळ चित्रपटावर विसंबून चालत नाही.

शिवाय, सभासदांच्या आठवणींतून लिहिलेल्या इतिहासात घोड्यांची निगा राखणाऱ्या मोतद्दारांचा किंवा मुरगावच्या बंदर-कामगारांचा आवाज सहसा येत नाही. म्हणून पथकाची पदके आणि छायाचित्रे जपण्याबरोबरच पोर्तुगीज दप्तरे वाचणे आणि गोव्यातील कुटुंबांच्या आठवणी नोंदवून ठेवणे, हेही जतनाचेच काम आहे. कागद काही काळ थांबू शकतात. माणसांच्या आठवणींना तेवढी मुदत नसते.