मालक क्रमांक ६५५३४

हा घटनाक्रम एका ठरावीक रुग्णालयाचा नाही. सर्व्हर सांभाळणाऱ्यांच्या वाट्याला वेगवेगळ्या रात्री येणारी संकटं इथे एकाच रात्रीत ओवली आहेत. माणसं आणि वेळा कल्पित आहेत. लिनक्स कर्नेल, बॅकअपचा प्रोग्राम आणि डेटाबेस जसे वागताना दिसतील तसेच ते खरोखर वागतात.

रात्री ९:०० — ७ तास ३५ मिनिटं बाकी

रुग्णालयाच्या जुन्या सर्व्हरचा मदरबोर्ड गेला आहे. डिस्क धडधाकट आहेत. रात्रपाळीचा तरुण प्रशासक त्या काढून नव्या यंत्रात बसवतो. एकीवर रुग्णांसाठीची वेबसाइट आणि डेटाबेस, दुसरीवर अभिलेख, म्हणजे सगळ्या विभागांचे अहवाल. डिस्क तीच, फक्त यंत्र नवं, त्यामुळे वेगळी प्रत काढायची गरज कुणाला वाटलेली नाही. रात्रीचा बॅकअप आहेच.

९:४० — ६ तास ५५ मिनिटं

वेबसाइट ज्या कंटेनरमध्ये, म्हणजे यंत्रातल्या बंदिस्त कप्प्यात, चालते तो सुरू होतो, पण वेबसाइट उघडत नाही. प्रशासक आत जाऊन फायलींची यादी काढतो. प्रत्येक फाइलच्या मालकाच्या रकान्यात ‘नोबडी’ आणि गटाच्या रकान्यात ‘नोग्रुप’. आकड्यात पाहिलं तर सगळीकडे ६५५३४.

इथे थोडं थांबायला हवं, कारण पुढचं सगळं या आकड्यातून निघतं. सातबाऱ्यावर मालकाचं नाव असतं. डिस्कवर नाव नसतंच. फाइलच्या आयनोडमध्ये ३२ बिटांचा एक आकडा असतो, त्याला यूआयडी म्हणतात. त्या आकड्याचं नाव दुसऱ्याच एका यादीत असतं आणि ती यादी यंत्रागणिक बदलते. कंटेनर आला की आणखी एक पदर चढतो. २०१३ सालच्या ३.८ आवृत्तीपासून लिनक्समध्ये यूजर नेमस्पेस पुरत्या वापरण्याजोग्या झाल्या. कंटेनरच्या आत जो ० क्रमांकाचा रूट म्हणून मिरवतो, तो बाहेर एक साधा, अधिकार नसलेला आकडा असतो. जुन्या यंत्रावर या कंटेनरला १०००००पासून ६५५३६ आकड्यांचा पट्टा मिळाला होता. आतला रूट म्हणजे डिस्कवर १०००००, आतला ३३ क्रमांकाचा वेब-वापरकर्ता म्हणजे १०००३३, आतला ९९९ क्रमांकाचा डेटाबेस म्हणजे १००९९९.

नव्या यंत्रावर तो पट्टा आधीच दुसऱ्या खात्याकडे आहे. या कंटेनरच्या वाट्याला पुढचा पट्टा आला: १६५५३६ ते २३१०७१. डिस्कवरचे आकडे या पट्ट्यात बसत नाहीत. ज्या मालकाला आत काही क्रमांकच नाही, त्याच्या जागी कर्नेल ६५५३४ दाखवतो. फायली जशा होत्या तशाच आहेत. एक अक्षरही बिघडलेलं नाही.

१०:०५ — ६ तास ३० मिनिटं

कंटेनरच्या आतून रूट म्हणून तो मालक बदलून पाहतो. कर्नेल नकार देतो: ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’. हा नकार बरोबर आहे. नेमस्पेसमधल्या रूटची सत्ता त्याच्या पट्ट्यातल्या आकड्यांपुरतीच चालते. पट्ट्याबाहेरच्या फाइलवर त्याचा हक्क पोचू दिला, तर कंटेनर या संकल्पनेला काही अर्थच उरणार नाही.

तो विभागप्रमुखांना फोन लावतो.

“मॅडम, डाटा आहे सगळा, पण मालकच दिसत नाहीये कुठे.”

“अरे, मग आत्ता राहू दे. सकाळी बसू दोघं.”

“पण मॅडम, सकाळी सहापासून वॉर्डातून रिपोर्ट बघायला लागतात.”

“बरं, बघ. घाई मात्र करू नकोस.”

१०:२० — ६ तास १५ मिनिटं

आता त्याच्यापुढे दोन वाटा आहेत. त्याला एकच ठाऊक आहे.

ठाऊक असलेली वाट म्हणजे कंटेनरबाहेर येऊन, खऱ्या रूटच्या अधिकाराने, ‘चोन’ या आदेशाने डिस्कवरचे मालक बदलणं. खऱ्या रूटला पट्ट्याची मर्यादा नसते. आतून जो नकार मिळाला, तो बाहेरून मिळणार नाही.

दुसरी वाट कर्नेलमध्ये एप्रिल २०२१पासून आहे, ५.१२ आवृत्तीपासून. ख्रिस्तियान ब्राउनर यांच्या कामातून ती आली. तिला आयडी-मॅप्ड माउंट म्हणतात. त्याआधी याच दुखण्यावर शिफ्टएफएस नावाचा उपाय होता, पण तो मुख्य कर्नेलमध्ये कधी घेतला गेला नाही. कंटेनर चालवणारी कितीतरी सॉफ्टवेअर तर चक्क अख्ख्या झाडाचे मालक बदलत बसत. ब्राउनर यांच्या रचनेत आकड्यांचं रूपांतर डिस्कवर होत नाही, माउंटवर, म्हणजे जोडणीवर, होतं. एकच फाइलसिस्टिम दोन ठिकाणी जोडता येते आणि प्रत्येक जोडणीला आपलं वेगळं कोष्टक देता येतं. फाइल उघडताना कर्नेल आयनोडमधला आकडा वाचतो, तो त्या जोडणीच्या कोष्टकातून नेतो आणि निघालेला आकडा विचारणाऱ्याच्या आकड्याशी ताडून पाहतो. नवी फाइल तयार होताना हाच प्रवास उलटा. इथे कोष्टक एका ओळीचं आहे: १०००००पासूनचे ६५५३६ आकडे १६५५३६पासूनचे समजा. अशीच एक जोडणी अभिलेखाच्या डिस्कसाठी. ही सोय पहिल्या दिवसापासून ज्या फाइलसिस्टिमना मिळाली त्यांत ईएक्सटी४ होती, आणि या दोन्ही डिस्कवर तीच आहे. २०२३पासून नेहमीच्या माउंट आदेशातच तिच्यासाठी पर्याय आहे.

कोष्टक चुकलं तर जोडणी काढायची आणि पुन्हा करायची. डिस्कवर काहीच लिहिलेलं नसतं. कर्नेलमध्ये गेल्या काही वर्षांत आलेल्या बदलांपैकी मला हा सर्वांत शहाणा वाटतो, आणि तो तिथेच, त्याच यंत्रात, तयार असूनही त्याच्या हाताला लागला नाही याचं मला फार वाईट वाटतं.

१०:३२ — ६ तास ३ मिनिटं

तो हिशेब मांडतो: वेबचा वापरकर्ता आत ३३, म्हणजे बाहेर १६५५६९. आदेश लिहितो: हे झाड, त्याखालचं सगळं, मालक आणि गट दोन्ही १६५५६९. एंटर.

त्याने प्रत्येक आकड्यात ६५५३६ मिळवले असते, तर वेगळेपण टिकलं असतं आणि चूक उलटवताही आली असती. त्याने सगळ्यांना एकच आकडा दिला. अनेकांचा एक केला की त्या एकातून अनेक परत काढता येत नाहीत.

११:१५ — ५ तास २० मिनिटं

वेबसाइटच्या झाडात ‘अभिलेख’ नावाचं एक फोल्डर आहे. दिसायला फोल्डर, प्रत्यक्षात दुसरी डिस्क तिथे जोडलेली. ‘चोन’ माउंटच्या सीमेवर थांबत नाही. एकाच फाइलसिस्टिमपुरतं राहा असं सांगायची सोय ‘डीयू’सारख्या आदेशाला आहे, याला नाही. तो आत शिरतो.

अभिलेखात क्ष-किरण, रक्त, मानसोपचार, एचआयव्ही तपासणी अशा प्रत्येक विभागाची सेवा स्वतःच्या आकड्याने फायली लिहीत असे. फोल्डर रुग्णाच्या क्रमांकाने लावलेले, विभागाने नाही. कोणती फाइल कोणत्या विभागाची, हे डेटाबेसात नोंदवण्याची गरज कुणाला भासली नव्हती, कारण मालकाचा आकडाच ते सांगत होता.

दोन जगांतल्या आकड्यांची गल्लत कर्नेल लिहिणाऱ्यांच्या हातूनही झाली आहे, हेही सांगायला हवं. सीव्हीई-२०२३-०३८६ या नावाने नोंदलेला दोष ओव्हरलेएफएसमध्ये, म्हणजे एका फाइलसिस्टिमवर दुसरी थरासारखी चढवणाऱ्या भागात, होता. खालच्या थरातली फाइल वरच्या थरात उतरवताना तिच्या मालकाला त्या नेमस्पेसमध्ये खरंच क्रमांक आहे का, ही तपासणी राहून गेली होती. साध्या वापरकर्त्याने स्वतःच उभ्या केलेल्या फ्यूज फाइलसिस्टिममध्ये ‘मालक रूट, सेटयूआयडी चालू’ अशी, म्हणजे चालवणाऱ्याला रूटचे अधिकार देणारी, फाइल असल्याचं भासवायचं. ओव्हरलेने ती खऱ्या डिस्कवर खऱ्या रूटच्या नावाने लिहून द्यायची. मग तो वापरकर्ता रूट. दुरुस्ती जानेवारी २०२३मध्ये झाली: क्रमांक नसेल तर उतरवणं नाकारा. अशा चुका कंपायलरनेच पकडाव्यात म्हणून माउंटमधून पाहिलेल्या मालकाला कर्नेलमध्ये आता वेगळा प्रकारच आहे, आणि साध्या यूआयडीशी त्याची थेट तुलना केली तर कोड बांधलाच जात नाही. तसलं कुंपण रूटच्या आदेशाभोवती नसतं.

१२:०५ — ४ तास ३० मिनिटं

आदेश संपतो. वेबसाइट उघडते, डेटाबेस मात्र सुरू होत नाही. पोस्टग्रेस डेटा फोल्डरचा मालक तपासतो आणि तो आपण स्वतः नसलो तर उभंच राहायला नकार देतो. प्रशासक तेवढ्या फोल्डरला १६६५३५ देतो. डेटाबेस चालू.

पोस्टग्रेसने त्याला सांगितलं होतं की इथे एकापेक्षा जास्त मालक होते. त्याने ते एका फोल्डरपुरतं ऐकलं. अभिलेख तक्रार करत नाही, कारण आता तिथलं सगळं वेबसाइटला उघडतंय. मॅडमना निरोप जातो: “झालं.”

२:०० — २ तास ३५ मिनिटं

आरसिंकचा रात्रीचा बॅकअप सुरू होतो. कालच्या प्रतीशी तंतोतंत जुळणारी फाइल तो नव्याने लिहीत नाही, हार्डलिंक करून, म्हणजे त्याच फाइलला आणखी एक नाव देऊन, ठेवतो. म्हणूनच एका डिस्कवर कित्येक रात्रींच्या प्रती मावतात. पण तंतोतंत म्हणजे मजकूर, परवानग्या आणि मालकसुद्धा. आज प्रत्येक फाइलचा मालक कालच्यापेक्षा वेगळा आहे. एकही जुळत नाही. अख्खा अभिलेख नव्याने उतरू लागतो.

३:१० — १ तास २५ मिनिटं

बॅकअपची डिस्क ९० टक्क्यांवर जाते. जागा कमी पडली की सर्वांत जुनी प्रत पुसणारी एक छोटी स्क्रिप्ट कधीकाळी कुणीतरी लिहून ठेवली आहे. ती जागी होते आणि सर्वांत जुनी रात्र पुसते. जागा जवळजवळ सुटतच नाही, कारण त्याच फायली पुढच्या रात्रींनीही हार्डलिंकने धरून ठेवल्या आहेत. मग ती पुढची रात्र पुसते. मग तिच्या पुढची. जागा खरी सुटणार ती शेवटची जुनी प्रत गेल्यावरच.

४:३५

कालची प्रत पुसली जाते. डिस्क एकदम मोकळी होते. अभिलेखातली कोणती फाइल कोणाची होती, याची शेवटची पूर्ण नोंद या क्षणी संपली. थोड्या वेळाने मेल येतो: बॅकअप यशस्वी.

६:३०

एका रुग्णाचा मुलगा घरून वेबसाइटवर वडिलांचा अहवाल उघडतो. रक्ताच्या अहवालाखाली मानसोपचार विभागाच्या नोंदी दिसतात. वेबसाइट तीच यादी काढत होती जी ती रोज काढते; इतके दिवस नको त्या फायली कर्नेल तिला वाचूच देत नव्हता. एचआयव्हीचे अहवालही त्याच झाडात आहेत, आणि त्यांची गुप्तता २०१७च्या कायद्याने बंधनकारक आहे.

७:१५

मॅडम येतात. आधी वेबसाइट बंद करतात, मग अभिलेखाची जोडणी सोडवून ती फक्त वाचता येईल अशी पुन्हा करतात. मग विचारतात, “एसीएल पाहिलेस का?”

‘चोन’ मालक बदलतो. फाइलवर वेगळ्या लावलेल्या एसीएलच्या नोंदींमधले आकडे तसेच राहतात. तिथे अजून १०१००४, १०१००७ असे जुन्या पट्ट्यातले आकडे आहेत. ते मालकाचे नाहीत, ज्यांना फाइल वाटून दिली त्यांचे आहेत. पण कोणता विभाग कोणाला काय देतो हे ठाऊक असेल तर उलटा हिशेब लावता येतो. दुपारपर्यंत क्ष-किरण आणि रक्ततपासणीच्या बहुतेक फायली ओळखून निघतात.

मानसोपचार आणि एचआयव्ही तपासणीच्या फायलींवर एसीएल नाही. त्या विभागांनी त्या कोणाशीच वाटून घेतल्या नव्हत्या. त्या एकेक उघडून, वाचून ठरवाव्या लागणार, आणि त्या कोणी वाचायच्या हे ठरवायला अधीक्षकांनी चार वाजता बैठक बोलावली आहे.