जॉश गिब्सनची सरासरी

मे २०२४ मध्ये अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलने १९२० ते १९४८ या काळातल्या, कृष्णवर्णीय खेळाडूंच्या निग्रो लीग स्पर्धांच्या नोंदी आपल्या अधिकृत विक्रमांत सामील केल्या आणि कारकिर्दीतल्या फलंदाजीच्या सरासरीत जॉश गिब्सन तोवर अव्वल असलेल्या टाय कॉबच्याही वर गेला. गिब्सन .३७२, कॉब .३६७. मरणोत्तर दाखवलेले हे औदार्य आहे, असे अनेकांना वाटले. माझ्या मते ही हिशेबाची दुरुस्ती आहे, आणि तीही अर्धीच.

गिब्सनचा जन्म १९११ चा, जॉर्जियातला. वडिलांना पोलाद कारखान्यात काम मिळाले म्हणून कुटुंब पिट्सबर्गला आले. १९३० साली तो होमस्टेड ग्रेज संघात शिरला. त्याच वर्षी जुळ्यांना जन्म देताना त्याची पत्नी हेलन वारली. तो कॅचर होता. फलंदाजामागे तासन्‌तास उकिडवे बसून वेगवान चेंडू झेलायचे, गुडघे आणि बोटे झिजवायची, आणि तेवढे करून फटकेही मारायचे. म्हणून त्याची सरासरी मला अधिकच मोलाची वाटते. त्याचा खेळ गोऱ्यांच्या नजरेआड होता असेही नाही. ग्रेजचे सामने वॉशिंग्टनच्या ग्रिफिथ स्टेडियमवर होत. ते मैदान मेजर लीगमधल्या सेनेटर्स संघाचे. मालक क्लार्क ग्रिफिथ या सामन्यांचे भाडे घेत राहिला, पण गिब्सनला त्याने कधी संघात घेतले नाही. कृष्णवर्णीय खेळाडूंवरची संघमालकांची ही बंदी अलिखित होती, तरी सगळे ती पाळत.

आक्षेप घेतला जातो की निग्रो लीगचे हंगाम तोकडे होते. होते, पण २०२० साली कोविडच्या साथीमुळे मेजर लीगचा हंगाम प्रत्येक संघाला ६० सामन्यांचाच मिळाला आणि त्यातले विक्रम कोणी बाद केले नाहीत. दुसरा आक्षेप असा की गिब्सनसमोरचे गोलंदाज कच्चे होते. त्या गोलंदाजांत सॅचेल पेजसारखा दिग्गज होता, आणि कॉब किंवा बेब रूथ यांना लीगच्या सामन्यात असा कृष्णवर्णीय गोलंदाज कधी खेळावाच लागला नाही. वंशभेदाने स्पर्धा अपुरी झाली असेल तर ती दोन्हीकडची झाली. शंका घ्यायची तर दोन्ही आकड्यांवर घ्यावी. दंतकथा मात्र वेगळी ठेवायला हवी. कूपरस्टाउनच्या हॉल ऑफ फेममधला फलक जवळपास ८०० होम रन सांगतो. त्यात लीगबाहेरचे, गावोगावचे सामने आले. अधिकृत मोजणीत ते दोनशेच्याही आत आहेत, आणि सरासरीचा विक्रम याच काटेकोर मोजणीवर उभा आहे.

मेंदूतल्या गाठीचे निदान झाल्यावरही तो खेळत राहिला. २० जानेवारी १९४७ रोजी, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी तो गेला. त्याच वर्षी १५ एप्रिलला जॅकी रॉबिन्सन डॉजर्सकडून मैदानात उतरला आणि मेजर लीगमधली ती बंदी मोडली. मेजर लीगच्या सामन्यांत गोऱ्या गोलंदाजांना गिब्सन कसा खेळला असता, हे आता कोणत्याही वहीत भरता येणार नाही. निग्रो लीगच्या सामन्यांचे सुमारे तीन चतुर्थांश तपशील संशोधकांनी जुन्या वृत्तपत्रांतून गोळा केले आहेत. उरलेले सापडले तर .३७२ हा आकडा खालीही येऊ शकतो. आला तर तोच छापावा.