डिस्ने उद्यान-कर्मचारी
अमेरिकेतील कॅलिफोर्निया (स्थापना १९५५) व फ्लॉरिडा (१९७१) येथील डिस्ने मनोरंजन उद्यानांत काम करणाऱ्यांना ‘कास्ट मेंबर’, म्हणजे नाट्यसंचातील कलावंत, असे संबोधतात. कारण तेथे उद्यान हाच रंगमंच आणि गणवेश हीच वेशभूषा मानली जाते. ‘डिस्ने लुक’ या नियमावलीने केशरचना, दागिने व प्रसाधन यांच्या मर्यादा आखून दिल्या असून, दीर्घकाळ निषिद्ध असलेल्या मिशांना २००० मध्ये, दाढीला २०१२ मध्ये, तर दिसणाऱ्या गोंदणाला २०२१ मध्ये सशर्त मुभा मिळाली. पात्रांचे अवजड पोशाख घालून उन्हात वावरणाऱ्यांना उष्म्याचा त्रास संभवतो. फ्लॉरिडातील कामगार संघटनांशी २०१८ मध्ये झालेल्या करारानुसार किमान वेतन २०२१ पर्यंत ताशी १५ डॉलर झाले, तर २०२३ च्या करारान्वये ते १८ डॉलरवर गेले.