'डूम' अजूनही का खेळला जातो? एका खेळाच्या दीर्घायुष्याचा इतिहास

१/ १० डिसेंबर १९९३. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या एका सर्व्हरवर नवा खेळ चढवला जाणार होता. वाट पाहणाऱ्यांची तेथे इतकी गर्दी झाली होती, की खेळ चढवणाऱ्यांनाच आत शिरता येईना. अखेर सर्व्हरची मर्यादा वाढवली गेली, फाइल पोहोचली आणि थोड्याच वेळात त्या रेट्यापुढे विद्यापीठाचे नेटवर्क कोलमडले. खेळाचे नाव होते 'डूम'.

२/ संगणकाच्या जगात दहा वर्षे म्हणजे म्हातारपण. 'डूम'ने तिशी ओलांडली, तरी त्याच्या नव्या लेव्हल्स आजही तयार होतात. केवळ स्मरणरंजन हे त्याचे कारण असू शकत नाही, कारण तो खेळणाऱ्यांपैकी अनेकांचा जन्मच १९९३ नंतरचा आहे. मग हा खेळ टिकला कशामुळे?

३/ तो घडवणारी 'इड सॉफ्टवेअर' ही टेक्सासमधील डलासजवळच्या मेस्किट गावची चिमुकली कंपनी. प्रोग्रॅमर जॉन कारमॅक, रचनाकार जॉन रोमेरो व सँडी पीटरसन, चित्रकार एड्रियन कारमॅक (आडनाव एकच, नाते नाही) आणि संगीतकार बॉबी प्रिन्स ही त्यातली ठळक नावे. त्यांच्या १९९२ च्या 'वुल्फेनस्टाइन थ्रीडी'त सर्व भिंती एका उंचीच्या व काटकोनात होत्या. 'डूम'मध्ये जिने, खड्डे, तिरक्या भिंती आणि मिणमिणता अंधार आला.

४/ त्या काळच्या ४८६ प्रोसेसरला हे पेलणे अवघड होते. कारमॅक यांनी १९८० साली प्रसिद्ध झालेली एक गणिती कल्पना उचलली. लेव्हल तयार करतानाच तिचा नकाशा रेषांनी कापून तुकड्यांचा एक वृक्ष बांधून ठेवायचा. खेळताना तो वृक्ष चाळला, की कोणती भिंत जवळची व कोणती लांबची, हे तत्काळ कळते. झाकली गेलेली भिंत रंगवण्याचे श्रम वाचतात.

५/ या युक्तीमागे एक तडजोड होती. 'डूम'चे जग वस्तुतः सपाट नकाशाच आहे. जमीन आणि छत यांची उंची बदलते, पण एका खोलीवर दुसरी खोली बांधता येत नाही. हीच मर्यादा पुढे वरदान ठरली. घराचा आराखडा कागदावर काढावा, तशी लेव्हल आखता येते. त्यामुळे शाळकरी मुलगाही एका संध्याकाळी स्वतःची खोली 'डूम'मध्ये उभी करू शकला.

६/ खेळाची रचनाही तितकीच नेटकी. शिपायाची गोळी तत्क्षणी लागते. 'इम्प' राक्षसाचा अग्निगोल मात्र बाजूला सरकून चुकवता येतो. एका राक्षसाचा मार दुसऱ्याला लागला, की ते आपसातच झुंजू लागतात. नेमापेक्षा जागा आणि हालचाल मोलाची. प्रत्येक शत्रूचा स्वभाव वेगळा असल्याने मोजक्याच सोंगट्यांतून नवनवे डाव मांडता येतात.

७/ पण उत्तम खेळ पुष्कळ झाले आणि विसरलेही गेले. 'डूम'ला तारले ते चार निर्णयांनी. पहिला निर्णय विक्रीचा. शेअरवेअर पद्धतीने नऊ लेव्हल्सचा पहिला भाग फुकट होता व तो इतरांना वाटण्याची मुभा होती. उरलेले दोन भाग पैसे पाठवून मागवायचे. दुकानाची पायरी न चढता खेळ जगभर पसरला.

८/ दुसरा निर्णय रचनेचा. 'वुल्फेनस्टाइन'च्या फाइली फोडून खेळाडू त्यात आपली चित्रे घुसवत, हे कारमॅक यांनी पाहिले होते आणि ते त्यांना आवडले होते. म्हणून 'डूम'मध्ये त्यांनी इंजिन एकीकडे, तर नकाशे, चित्रे व आवाज दुसरीकडे, 'वॅड' नावाच्या फाइलीत ठेवले. रंगमंच कायम, नेपथ्य आणि नाटक मात्र कोणीही बदलावे, अशी ही सोय.

९/ हे औदार्य कंपनीत सर्वांनाच रुचले नाही. आपला माल असा उघडा ठेवावा का, ही शंका रास्त होती. शेवटी विनंतीवजा अट घातली गेली, ती अशी की, नव्या लेव्हल्स विकत घेतलेल्या प्रतीवरच चालाव्यात. लेव्हल बनवण्याचे साधन कंपनीने दिले नव्हते. १९९४ च्या आरंभी ते खेळाडूंनीच इंटरनेटवरून परस्परांच्या मदतीने तयार केले.

१०/ या छंदातून कारागीर घडले. हौशी लेव्हल्समुळे लक्ष वेधलेले टिम विलिट्स 'इड'मध्ये दाखल झाले व पुढे तेथील प्रमुखांत गणले गेले. १९९६ च्या 'फायनल डूम'मधील दोन्ही लेव्हलसंच हौशी मंडळींकडून आलेले होते. ग्राहक आणि निर्माता यांच्यातली भिंत तेव्हाच खचली होती.

११/ तिसरा निर्णय फारसा कोणाच्या लक्षात येत नाही. 'डूम' आपल्या डावाची नोंद चित्रफितीसारखी ठेवत नाही. तो केवळ कळा कशा दाबल्या, एवढेच टिपतो: सेकंदाला ३५ वेळा, प्रत्येकी चार बाइट. योगायोगाचे आकडेही २५६ अंकांच्या ठरलेल्या तक्त्यातून येतात. त्यामुळे तीच नोंद पुन्हा चालवली, की तोच डाव जसाच्या तसा उभा राहतो.

१२/ मिनिटाचा डाव सुमारे आठ किलोबाइटमध्ये मावत असल्याने तो मंद मोडेमवरूनही पाठवता येई. सर्वांत कमी वेळात लेव्हल पार करण्याच्या स्पर्धा १९९४ पासूनच रंगू लागल्या आणि त्या वेळच्या नोंदी आजही पाहता येतात. नेटवर्कवर चौघांनी खेळायच्या झुंजीला रोमेरो यांनी दिलेला 'डेथमॅच' हा शब्दही येथूनच रूढ झाला. पहिल्या आवृत्तीने नेटवर्क इतके तुंबे, की काही कंपन्यांनी कचेरीत या खेळावर बंदी घातली.

१३/ या कथेची काळी बाजू झाकून चालणार नाही. 'डूम' येण्याच्या आदल्याच दिवशी अमेरिकी सिनेटमध्ये खेळांतील हिंसेवर सुनावणी झाली होती. जर्मनीने १९९४ ते २०११ हा खेळ अल्पवयीनांसाठी अपायकारक म्हणून निर्बंधित ठेवला. १९९९ साली कोलंबाइन शाळेत हत्याकांड करणारे दोघेही 'डूम' खेळत. एकाने लेव्हल्सही बनवल्या होत्या. खेळ-कंपन्यांवरचा दावा न्यायालयाने २००२ मध्ये फेटाळला. कायद्यापुरता प्रश्न मिटला; आप्तांच्या दुःखाला मात्र असा निकाल नसतो.

१४/ चौथा निर्णय सर्वांत मोठा. डिसेंबर १९९७ मध्ये कारमॅक यांनी 'डूम'चा मूळ कोड जगासाठी खुला केला. डॉस आवृत्तीतील आवाजाची प्रणाली दुसऱ्याच्या मालकीची असल्याने लिनक्स आवृत्तीचा कोड दिला गेला. आरंभी त्याचा व्यापारी वापर वर्ज्य होता. १९९९ साली तो जीपीएल या मुक्त परवान्याखाली आला.

१५/ याचे महत्त्व लगेच दिसले. डॉस मावळले, पण 'डूम' त्याच्यासोबत गेला नाही. 'चॉकलेट डूम'ने मूळ खेळ चुकांसकट जपला. 'झीडूम'च्या परंपरेने त्यात नव्या सोयी भरल्या. पुढे कॅल्क्युलेटर, प्रिंटर, अगदी पीडीएफमध्येही 'डूम' चालवला गेला. ही गंमत खरीच, पण तिच्यामागे एक गंभीर तथ्य आहे: ज्याचा कोड हाती आहे, तो खेळ कोणत्याही नव्या यंत्रावर नेता येतो.

१६/ मुक्ततेला सीमाही होती. कोड खुला झाला, तरी मूळ चित्रे, आवाज व लेव्हल्स यांची मालकी कंपनीकडेच राहिली. ती उणीव भरून काढण्यासाठी 'फ्रीडूम' प्रकल्पात स्वयंसेवकांनी राक्षसांपासून दरवाजांच्या आवाजापर्यंत सारे नव्याने घडवले.

१७/ २००४ पासून 'डूमवर्ल्ड' दरवर्षी उत्तम हौशी लेव्हल्सना 'काकोवॉर्ड' देते. २०१५ साली जागतिक व्हिडिओ गेम हॉल ऑफ फेममधील पहिल्या मानकऱ्यांत 'डूम' होता. २०१९ साली स्वतः रोमेरो 'सिजिल' हा नवा भाग घेऊन परतले. आणि २०२३ साली आलेल्या 'मायहाउस'मध्ये एक साधेसुधे घर पाहता पाहता चक्रव्यूह बनते. दिवंगत मित्राच्या आठवणीचे निमित्त सांगून सुरू होणारी ती कलाकृती पाहून अनुभवी खेळाडूही थबकले.

१८/ आज अनेक खेळ कंपनीच्या सर्व्हरवर विसंबून असतात. सर्व्हर बंद झाला, की पैसे मोजलेल्या माणसाच्या हाती काहीच उरत नाही. 'इड' २००९ मध्ये झेनिमॅक्सकडे आणि २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टकडे गेली. मालक बदलले, तरी १९९४ साली एखाद्या विद्यार्थ्याने फ्लॉपीवर जपलेली लेव्हल आजच्या संगणकावर उघडते, आणि तीस वर्षांपूर्वी त्याने कोपऱ्यात दडवलेला राक्षस अजूनही तिथेच दबा धरून बसलेला सापडतो. (समाप्त)