पूल पडला तेव्हा पुलावर कोण होते?

२६ मार्च २०२४ च्या रात्री अमेरिकेतील बाल्टिमोर येथे ‘डाली’ या मालवाहू जहाजाची वीज गेली आणि ते १९७७ साली खुल्या झालेल्या फ्रान्सिस स्कॉट की पुलाच्या खांबावर आदळले. काही सेकंदांत पूल नदीत कोसळला. दूरचित्रवाणीने ते दृश्य जगभर पुनःपुन्हा दाखविले; चिचगडातही आम्ही ते पाहिले. त्या चित्रात पूल होता, जहाज होते. माणूस मात्र दिसत नव्हता.

जहाजावरून संकटाची सूचना गेली. पोलिसांनी दोन्ही टोकांना वाहने अडविली व कित्येकांचे प्राण वाचले. परंतु पुलावर खड्डे बुजविणाऱ्या मजुरांपर्यंत ती सूचना पोचली नाही. सहाजण मेले. मेक्सिको, ग्वाटेमाला, होंडुरास, एल साल्वादोर येथून पोटासाठी आलेली ही माणसे! जहाजावरील खलाशीही बहुतेक भारतीयच. तेही कित्येक आठवडे त्यावरच अडकून पडले.

म्हणून अपघाताचा इतिहास लिहिताना आम्ही आधी विचारतो: धोक्याची खबर कोणाला मिळाली, कोणाला नाही? पहाटे तेंदूपाने तोडायला रानात शिरणाऱ्या आमच्या मायबहिणींना वाघ जवळ असल्याची खबर कोण देतो? मजुरीइतकाच त्या खबरेवरही त्यांचा हक्क आहे.