बीदर-कलबुर्गी सीमाभाग : 'स्थानिक' ठरण्याचे कायदेशीर मार्ग

भारतात नागरिकत्व एकच आहे आणि देशात कोठेही राहण्याचा व स्थायिक होण्याचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद १९ (१) (ङ) ने प्रत्येक नागरिकाला दिला आहे. तरीही शासकीय नोकरी किंवा महाविद्यालयीन प्रवेशाच्या वेळी 'तुम्ही कोठले?' हा प्रश्न सुटत नाही. गोव्यात सरकारी नोकरीसाठी १५ वर्षांच्या वास्तव्याचा दाखला मागितला जातो. कर्नाटकातील बीदर आणि कलबुर्गी या जिल्ह्यांत हाच प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. कारण तेथे माणसे जागच्या जागी राहिली आणि सीमा हलल्या.

मुलकी आणि गैरमुलकी

हे दोन्ही जिल्हे निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. संस्थानात नोकरीसाठी 'मुलकी' असणे आवश्यक होते. जन्माने संस्थानचा प्रजाजन असलेला मुलकी ठरे. बाहेरून आलेल्याला किमान १५ वर्षांचे कायम वास्तव्य दाखवावे लागे. शिवाय मूळ गावी परतण्याचा विचार सोडून दिल्याचे प्रतिज्ञापत्र दंडाधिकाऱ्यासमोर करावे लागे. त्यामुळे ब्रिटिश मुलखातील सोलापूरहून कलबुर्गीला आलेला मराठी माणूस गैरमुलकी, तर उदगीरहून बीदरला आलेला मुलकी, अशी स्थिती होती. उदगीर तेव्हा बीदर जिल्ह्यातच होते.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचना झाली. अहमदपूर, निलंगा आणि उदगीर हे तालुके मुंबई राज्यात गेले. बीदर, भालकी, औराद, हुमनाबादचा भाग म्हैसूर राज्यात आला. कालचे शेजारी तालुके दोन राज्यांत विभागले गेले. सोयरिकी मात्र चालूच राहिल्या.

अनुच्छेद १६ नुसार शासकीय नोकरीत जन्मस्थान वा वास्तव्य यांवरून भेदभाव करता येत नाही. वास्तव्याची अट घालण्याचा अधिकार केवळ संसदेला आहे. संसदेने १९५७ च्या कायद्याने अशा जुन्या अटी बहुतेक ठिकाणी रद्द केल्या. तेलंगणासारखे मोजके प्रदेश त्याला अपवाद राहिले.

अनुच्छेद ३७१ (ञ)

घटनेच्या ९८ व्या दुरुस्तीने हैदराबाद-कर्नाटक विभागासाठी विशेष तरतूद झाली. २०१९ पासून हा विभाग 'कल्याण कर्नाटक' म्हणून ओळखला जातो. शैक्षणिक जागा आणि नोकऱ्यांत, 'जन्माने किंवा अधिवासाने' या विभागातील असलेल्यांना आरक्षण देण्याची मुभा या अनुच्छेदाने दिली. २०१३ च्या आदेशांनुसार विभागातील 'अ' व 'ब' गटांच्या पदांत ७५ टक्के, 'क' गटात ८० टक्के आणि 'ड' गटात ८५ टक्के जागा स्थानिकांसाठी राखीव आहेत. शैक्षणिक संस्थांत हे प्रमाण ७० टक्के आहे.

या लाभासाठी पात्रता प्रमाणपत्र लागते. ते महसूल उपविभागाचे सहायक आयुक्त देतात. जन्माचा आधार नसल्यास दहा वर्षांच्या वास्तव्याची अट पुढे येते. सीमाभागातील कुटुंबांची अडचण येथेच होते. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत असल्याने भालकीच्या घरातील मुलाचा जन्म उदगीर किंवा निलंग्यात नोंदला जातो. जन्मदाखल्यावर महाराष्ट्र येतो आणि मग जन्माऐवजी रहिवासाचा मार्ग धरावा लागतो. अशा वेळी शाळेच्या नोंदी, शिधापत्रिका, मतदार यादी आणि जमिनीचे उतारे हे कागद मोलाचे ठरतात.

महाराष्ट्राचा दाखला

बीदर, कलबुर्गी, बेळगाव आणि कारवार या भागांतील ८६५ गावांवर महाराष्ट्राचा दावा आहे. त्यासाठी २००४ मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. या गावांतील मराठी भाषिकांना महाराष्ट्र शासनाच्या नोकरभरतीत अर्ज करता येतो. त्यासाठी दावा केलेल्या गावात १५ वर्षे वास्तव्य असल्याचा विहित नमुन्यातील दाखला लागतो. अर्थात एकाच घरासमोर दोन दारे आहेत. त्यांचे निकष निरनिराळे आहेत आणि एका राज्याचा दाखला दुसऱ्या राज्याच्या भरतीत चालत नाही.

दाखला म्हणजे नागरिकत्व नव्हे

प्रदीप जैन खटल्यात १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की भारतात अधिवास एकच, तो भारताचा. राज्याचा वेगळा अधिवास नसतो. म्हणून वरील दोन्ही दाखले केवळ विशिष्ट लाभांची पात्रता सिद्ध करतात. परदेशी व्यक्तीचा मार्ग पूर्णतः वेगळा आहे. तिला १९५५ च्या नागरिकत्व कायद्यानुसार केंद्र सरकारकडे दाद मागावी लागते. भारतीयाशी विवाह झाला असल्यास नोंदणीने नागरिकत्व मिळवण्यासाठी सर्वसाधारणपणे सात वर्षांचे वास्तव्य आवश्यक असते. राज्याचा रहिवासी दाखला त्याची जागा घेऊ शकत नाही.

निजामाच्या काळी परतीचा विचार सोडल्याचे प्रतिज्ञापत्र मागितले जाई. आज तसे कोणी मागत नाही. मात्र वास्तव्याचा कागद वेळेवर जुळवला नाही, तर पिढ्यान्‌पिढ्या त्याच गावात नांदलेल्या घरातील मुलालाही भरतीच्या रांगेत परका ठरण्याची वेळ येऊ शकते.