मोठें आवार, लहान घर

मराठी माणसाच्या घराचा जुना नमुना म्हणजे वाडा. भोंवतीं भक्कम भिंत, मध्यें चौक, आणि चौकाच्या अंगानें सोपा, माजघर व स्वयंपाकघर अशी त्याची रचना. रस्त्याकडे दिंडीदरवाजा तेवढा उघडे. मोकळी जागा घराच्या पोटांतच असल्यामुळें परक्याची दृष्टि न पडतां घरच्या बायकामाणसांना उघड्या आकाशाखालीं वावरतां येई. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत अंधेरी, बोरिवली, घाटकोपर व मुलुंड या बाजूस जीं टुमदार घरें उठलीं, त्यांनीं ही रचना नेमकी उलटी केली. घर आवाराच्या मध्यभागीं आलें आणि मोकळी जागा त्याच्या भोंवतीं गेली.

या पालटास मुंबईची दाटी कारण झाली. कारकून-शिक्षकांचीं कित्येक कुटुंबें चाळींतील एक-दोन खोल्यांत दिवस कंठीत. १८९६ सालीं प्लेग आला आणि हवा-उजेडावांचून घर तें घर नव्हे, हें सर्वांच्या मनावर बिंबलें. १८९८ सालीं स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टनें दादर-माटुंग्याकडे नव्या वसाहती आखल्या. साष्टींत आगगाडी त्यापूर्वींच पोंचली होती. १८५३ सालची ठाण्याची पहिली गाडी घाटकोपर-मुलुंडच्या भूमीवरूनच गेली. परंतु रोज कचेरीस जाऊन परतणें खरें सुकर झालें तें विजेच्या गाड्यांमुळें. १९२८ सालीं त्या बोरिवलीपर्यंत धांवूं लागल्या.

जमिनीचा प्रश्न कायद्यानें सोडविला. साष्टींतील भातखाचरें वांकडींतिकडीं. त्यांवर ना रस्ता ना सरळ घर. १९१५ च्या नगररचना कायद्यानें असे तुकडे एकत्र करून, रस्त्यास जागा काढून, बाकीचे नीट आंखलेले प्लॉट मालकांस परत देण्याची सोय केली. त्याच सालीं गांवदेवींत सारस्वतांची सहकारी गृहसंस्था निघाली आणि मध्यमवर्गीयांना एकत्र येऊन घरें बांधण्याची वाट दिसली. १९२० सालीं उपनगरांचा स्वतंत्र जिल्हा झाला. १९२२ सालीं क्राउन आणि कार्टर या वास्तुशिल्पज्ञांनीं मुलुंडची आंखणी केली.

अशा प्लॉटवर घर मात्र लहानच उठे. जमीन स्वस्त, पण चुना, सागवान व मंगळुरी कौलें महाग. शिवाय साष्टीचा पाऊस चार महिने कोसळे. पसरलेल्या घराचें छप्पर राखणें कठीण, आटोपशीर घराचें सोपें. म्हणून उंच जोतें, एकच उतरतें कौलारू छप्पर आणि त्याखालीं तीन-चार खोल्या हा घाट पुष्कळांना पसंत पडला. पाहुण्याची मजल पुढच्या ओसरीपर्यंत. मागील दारीं विहीर, तुळशीवृंदावन व धुणें वाळत घालण्याची दोरी; हें स्त्रियांचें राज्य. खिडक्यांचीं खालचीं झडपें लावून वरचीं उघडीं ठेवलीं कीं वारा येई, डोळा येत नसे. कुंपणास मेंदी, कडेला आंबा-नारळ. वाड्यांत कुटुंबाचा एकांत भिंत राखी. येथें तो अंतरानें राखला.

एवढ्यापुरता हा प्रयोग यशस्वी झाला. परंतु त्याचें वर्म त्याच्या गुणांतच होतें. वाड्याचा चौक वाड्यावेगळा विकतां येत नाहीं. बंगलीभोंवतालची जागा मात्र केव्हांही वेगळी मोजतां येते. १९५० सालीं अंधेरी-घाटकोपरपर्यंतचा व १९५७ सालीं बोरिवली-मुलुंडचा भाग महानगरपालिकेंत आला. जमिनीचे भाव चढले, वारसांचे वांटे पडले, आणि १९६३ च्या कायद्यानें मालकीच्या फ्लॅटांच्या व्यवहारास निश्चित चौकट मिळाली. लहान घर पाडणें सोपें आणि मोठें आवार विकणें फायद्याचें. कित्येक बंगल्या गेल्या त्या अशा. आजोबांनीं जी जागा एकांत म्हणून सोडली, ती नातवांच्या हिशेबांत शिल्लक जागा ठरली.

त्यांस दोष देण्याचें कारण नाहीं. एका आंब्याच्या सावलींत चार भावांचे संसार मावत नाहींत. पण नवें घर बांधणारानें यांतून एक गोष्ट घेण्यासारखी आहे. रिकामी जागा घराचाच भाग आहे, हें भिंती आंखतांनाच ठरवावें लागतें. ओसरी, मागील दार व झाडें हीं खोल्यांशीं गुंफलीं गेलीं, तर पुढच्या पिढीलाही तें आवार नुसता प्लॉट वाटणार नाहीं. तें तिला घरच वाटेल.